बेर्ग नावाचं इथे कोणी राहत नाही

माझा गुरुवार चोरीला गेला तो फेब्रुवारीत. हसू नका. तळघरातल्या धुलाईच्या खोलीत गुरुवारी सकाळी कोण असतं, हे आमच्या सोसायटीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी असते. ट्राम चालवत होते तेव्हा गुरुवारी मला दुपारची पाळी असायची, तेव्हापासूनचा हा शिरस्ता. निवृत्त झाले तरी मी तो मोडला नाही. आणि त्या दिवशी टोपली कमरेवर घेऊन खाली उतरते तर दोन्ही मशिनं घरघरतायत आणि वरच्या मजल्यावरची विद्यार्थिनी बाकावर पाय हलवत बसलीय. ही वेळ माझी आहे म्हटल्यावर तिने शांतपणे फोन दाखवला. काल संध्याकाळी बघितलं तर वेळ मोकळी होती, म्हणून घेतली म्हणाली.

तशीच टोपली घेऊन वर आले आणि वेळा नोंदवायच्या वेबसाइटवर माझं पान उघडलं. हिरव्या चौकोनात स्वच्छ लिहिलं होतं: तुझी वेळ शनिवार दुपार. आता मला सांगा, शनिवारी दुपारी कपडे धुवायला मी काय नोकरदार बाई आहे? शनिवार मी घेतला नव्हता. म्हणजे माझ्या नावावर दुसऱ्या कोणीतरी घेतला होता. तिथेच माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

पूर्वी असलं काही व्हायचं नाही. धुलाईच्या खोलीबाहेर भिंतीवर एक फळी होती, आणि प्रत्येक घराला एक छोटं कुलूप. ज्या वेळेच्या खणात तुम्ही कुलूप अडकवलं ती वेळ तुमची. कुलूप डोळ्यांना दिसायचं, त्यावर घराचा नंबर असायचा, हात लावायची कोणाची छाती नव्हती. पण आमच्या समितीचा अध्यक्ष टॉर्केल लिंड याला ते जुनाट वाटायला लागलं. जन्मभर जहाजाच्या कारखान्यात विजेचं काम पाहिलं, निवृत्त झाल्यावर कुठलासा कॉम्प्युटरचा वर्ग केला, आणि मग या माणसाला कोणी आवरेना. सगळ्या सोसायटीसाठी त्याने स्वतः वेबसाइट लिहिली. नाव आणि पासवर्ड घालायचा, वेळ निवडायची. एका घराला एका वेळी एकच वेळ. नवी घेतली की जुनी आपोआप सुटते. कोणाची वेळ कुठली तेही दिसत नाही. आपली तेवढी हिरवी, बाकी सगळ्या करड्या. खाजगीपणाचा कायदा आहे म्हणे.

मी पासवर्ड बदलला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच: गुरुवार गायब, शनिवार हिरवा. मग मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी टॉर्केलचं दार वाजवलं.

त्याने मला कॉफी दिली आणि अर्धा तास शिकवणी घेतली. म्हणाला, पान विसराळू असतं. तू एक बटण दाबलंस की दुसरं दाबेपर्यंत तू कोण हे त्याला आठवत नाही. म्हणून एकदा तू नाव सांगितलंस की माझा कोड तुझ्या ब्राउझरच्या हातात एक चिठ्ठी देतो. तिला कुकी म्हणतात, आमच्या स्वीडिश भाषेत 'काका', म्हणजे बिस्कीटच. पुढच्या प्रत्येक वेळी ब्राउझर ती चिठ्ठी दाखवतो, माझा कोड ती वाचतो आणि तुला ओळखतो. नाटकाला गेल्यावर कोट ठेवून बिल्ला घेतो, तसं. मी विचारलं, माझा बिल्ला दुसऱ्याने नेला तर? टॉर्केलने हनुवटी खाजवली. नेता येतो, म्हणाला, पण त्याला जाणकार माणूस लागतो.

आमच्या इमारतीत जाणकार माणूस एकच होता, आणि त्याचं नाव घ्यायची गरज नव्हती.

रिकार्ड ऑबेर्ग माझ्याच जिन्यात, माझ्या खालच्या मजल्यावर राहायचा. तिशीतला, हडकुळा, सात वर्षांची मुलगी तूवा एकटा सांभाळणारा. दुकानांच्या वेबसाइट बनवणं हेच त्याचं पोटापाण्याचं काम. आणि तो पोटभाडेकरू होता. घराचा मालक नॉर्वेत कामाला गेलेला, आणि आमच्याकडे पोटभाडेकरू ठेवायला समितीची परवानगी लागते, ती दर वर्षी नव्याने घ्यावी लागते. त्याची मुदत मार्चअखेर संपत होती. समितीत आम्ही तिघं: टॉर्केल, शाळेत शिकवणारी मायकेन, आणि मी. तूवा मायकेनच्याच शाळेत जायची, रस्ता ओलांडला की शाळा. गोथेनबर्गमध्ये असं घर पुन्हा मिळणं म्हणजे काय ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. आम्ही नाही म्हटलं तर बापलेकीला गाशा गुंडाळावा लागणार, हे आम्हा तिघांना चांगलं माहीत होतं.

मी त्याच्यावर नजर ठेवायला लागले. ट्राम चालवताना जन्म आरशात मागे बघण्यात गेला, मला ते शिकवावं लागत नाही. तो जिन्यात भेटला की हॅलो म्हणायचा आणि डोळे चुकवायचा. का चुकवायचा? फेब्रुवारीच्या कडाक्यात त्याच्या बाल्कनीत मुलीचे कपडे वाळत असायचे, विजारी थंडीने लाकडासारख्या ताठ. खाली गरम हवेचं कपाट असताना बाल्कनीत कोण वाळवतं? ज्याला खाली कोणाच्या नजरेला पडायचं नाही तो, असं मी मनाशी म्हटलं. आणि धुवायला वेळ कुठून मिळवतो हा? मायकेनला मी हे बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, बार्ब्रो, तुला धुक्यातही चोर दिसतात. मी म्हटलं, दिसतात, कारण असतात.

तिसऱ्यांदा माझा गुरुवार सरकला तेव्हा मी ठरवलं की आता चोर मुद्देमालासकट धरायचा. शनिवारी दुपारी धुलाईच्या खोलीसमोरच्या सायकलींच्या खोलीत जाऊन उभी राहिले, दार किलकिलं ठेवून. फार वाट बघावी लागली नाही. रिकार्ड आला, दोन्ही हातांत चादरींची बोचकी, दाढी वाढलेली. कुलूप उघडून आत गेला आणि मशीन भरायला लागला. माझ्या वेळेत. माझ्या नावावरच्या शनिवारात.

मी आत जाऊन विचारलं की हे काय चाललंय. कपडे धुतोय म्हणाला, तूवाला कालपासून उलट्या होतायत, शाळेत साथ आहे. ते खरं असावं, चादरींना तसा वासही होता. पण मला त्या वासाचं काही पडलेलं नव्हतं. मी फोन काढून त्याच्या नाकासमोर धरला.

"वाच. शनिवार दुपार. हिरवी. ही वेळ माझ्या नावावर आहे."

त्याने वाचलं, मग स्वतःचा फोन काढला. त्यावरही शनिवार दुपार हिरवीच होती. एका पडद्याकडून दुसऱ्या पडद्याकडे बघत राहिला.

"मी माझ्या नावाने घेतलीय," तो म्हणाला. "तुझा फोन जरा देतेस? मला काहीतरी बघायचंय."

"माझा फोन? तुला?" मी म्हटलं. "तू काय काम करतोस ते मला माहीत आहे, रिकार्ड. पडद्यावर हवं ते दाखवणं हा तर तुझा धंदाच आहे."

त्याने हात मागे घेतला. तोंडावरचा रंग उतरला, ते मी पाहिलं, आणि मला वाटलं, सापडला. त्याने अर्ध्या भरलेल्या मशीनमधून चादरी ओल्या-कोरड्या तशाच उपसल्या आणि वर निघून गेला. मी जिंकल्यासारखी तिथे उभी होते. मशीन रिकामंच राहिलं, मी काही माझे कपडे आणले नव्हते.

मंगळवारी संध्याकाळी टॉर्केलच्या स्वयंपाकघरात समिती बसली. दालचिनीचे बन होते, कॉफी होती, आणि विषय एकच होता. रिकार्डला बोलावलं होतं, तो आला नाही. मी म्हटलं, कशाला येईल. टॉर्केल म्हणाला की परवानगी नाकारायला कारण ठोस हवं, नाहीतर मालक भांडेल. त्यामुळे आपण बार्ब्रोचा लॅपटॉप उघडू, तिची कुकी बघू, म्हणजे बाहेरून कोणी हात घातलाय का ते कळेल. मी लॅपटॉप घेऊनच गेले होते.

त्याने दोन-तीन बटणं दाबली आणि पानाच्या बाजूला एक कोपरा उघडला. बारीक अक्षरांची गर्दी. त्यात एका ओळीवर त्याने बोट ठेवलं. "ही तुझी चिठ्ठी. यात तुझं नाव असतं."

मी चष्मा वर केला आणि वाचलं. बेर्ग.

"हा कोण?" मी विचारलं.

"तूच."

"मी बेर्ग नाही. मी एबेर्ग आहे. बेर्ग नावाचं या इमारतीत कोणी राहत नाही."

टॉर्केल हसला आणि लहान मुलाची समजूत घालावी तसं सांगायला लागला. कुकीत आपली ती जादा अक्षरं धड बसत नाहीत, ज्यांच्या डोक्यावर टिंबं आणि वर्तुळं असतात ती. घातली की त्यांचा कचरा होऊन परत येतो, टक्क्याची चिन्हं आणि आकडे. मग त्याने सरळ एक ओळ लिहिली: साध्या इंग्रजी अक्षरांव्यतिरिक्त जे येईल ते गाळून टाक, आणि उरेल ते चिठ्ठीवर लिही. वाचतानाही तेच. चालतंय ना, झालं तर.

मला इतका राग आला की हातातला बन मी ताटलीत आपटला. ओठांचा चंबू करून म्हणायचा तो 'ए', दोन टिंबांचा, तो काही माझ्या नावावरचा दागिना नाही. ते अक्षर आहे. आमच्या भाषेत त्या एका अक्षराचा अर्थ बेट. एबेर्ग म्हणजे बेट आणि डोंगर. माझ्या आजोबांनी ते नाव घेतलं तेव्हा ते खरंच बेटावर राहत होते. आणि हा गृहस्थ म्हणतो कचरा होतो म्हणून गाळलं. टॉर्केल लिंड, याच्या नावात असलं एकही अक्षर नाही, याला कशाला दुखेल?

मी हे सगळं बोलून मोकळी झाले तेव्हा मायकेन अजून पडद्याकडेच बघत होती. ती बोलली ते अगदी हळू.

"टॉर्केल, ऑबेर्गच्या चिठ्ठीवर काय लिहिलेलं असेल?"

ऑबेर्गमधला 'ऑ' म्हणजे आमच्याकडे ओढा. डोक्यावर वर्तुळ असलेलं अक्षर. ओढा आणि डोंगर. ओढा गाळला तर काय उरतं, हे मायकेनने बोलायची गरज नव्हती. टॉर्केलने त्याच्या कॉम्प्युटरवर रिकार्डच्या नावाने चाचणीचा प्रवेश केला आणि तोच कोपरा उघडला.

बेर्ग.

माझं बेटही गेलं होतं, त्याचा ओढाही. उरलेला डोंगर आम्हा दोघांच्या नावावर एकच. टॉर्केलचा कोड वेळ माणसाच्या नावावर नाही, चिठ्ठीवर टाकत होता, आणि एका चिठ्ठीला एकच वेळ. मी गुरुवार घेतला की रिकार्डचा शनिवार सुटायचा. त्याने शनिवार घेतला की माझा गुरुवार सुटायचा आणि त्याचा शनिवार माझ्या पानावर हिरवा दिसायचा. म्हणजे जितक्या वेळा माझी वेळ गेली होती, निदान तितक्याच वेळा मी त्याची घालवली होती. आणि मी तर गुरुवारचे कपडे वाळत घातले की लगेच पुढचा गुरुवार घेऊन ठेवते.

संशय असा सहजासहजी जात नाही, निदान माझा जात नाही. मी म्हटलं, पण मग तो बोलला का नाही? त्याचीही वेळ जात होती, तर आरडाओरडा का केला नाही? जो गप्प बसतो त्याच्या मनात काहीतरी असतं.

मायकेनने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला आवडली नाही. म्हणाली, त्याची परवानगी तुझ्या हातात आहे, बार्ब्रो, तो तुझ्यासमोर कशाचा आरडाओरडा करणार? तूवाने वर्गात सांगितलंय, आमच्या घरी अंघोळीच्या टबात नेहमी विजारी भिजत असतात, त्यामुळे मला शेजाऱ्यांकडे अंघोळ करावी लागते. सगळी मुलं हसली होती. मायकेनलाही तेव्हा ते गमतीचंच वाटलं होतं.

म्हणजे बाल्कनीतल्या त्या ताठ विजारी. टबात हाताने धुतलेल्या. मला कुठे तोंड लपवू असं झालं, आणि ते मी सरळ सांगते, कारण तिथे सांगितलं नाही. तिथे मी फक्त म्हटलं की मत घ्या. हात सगळ्यात आधी मी वर केला. टॉर्केलने बैठकीच्या इतिवृत्तात 'किरकोळ तांत्रिक सुधारणा' असं लिहायला घेतलं, तेव्हा मी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि चूक कोणाची होती ते लिहायला लावलं. त्याला ते झोंबलं. झोंबू दे.

तशीच जिना उतरून रिकार्डच्या दाराशी गेले. चांगली बातमी घेऊन जातेय, असं मला वाटत होतं. वाटेत मी शब्दही जुळवले होते, टॉर्केलवर एक विनोद ठेवला होता, म्हणजे दोघं मिळून हसू आणि विषय संपेल.

त्याने दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात चिकटपट्टीचं रीळ होतं. मागे पॅसेजमध्ये खोकी रचलेली. मी तरीही बोलून टाकलं: परवानगी मिळाली, एका वर्षाची, तिघांनी हात वर केले.

तो म्हणाला की रविवारीच त्याने मालकाला कळवलंय की घर सोडतोय. मालकाने सोमवारी दुसऱ्याला शब्द दिला. बुरोसला त्याची आई राहते, तिच्याकडे वरची खोली आहे, तूवाची शाळा येत्या सोमवारपासून तिथे. मी म्हटलं, मालकाशी मी बोलते, समिती बोलेल. त्याने मान हलवली. तो माणूस बायकामुलं घेऊन येतोय, म्हणाला, त्याला कुठे बाहेर काढायचं.

मग मी चिठ्ठीची गोष्ट सांगायला लागले. बेर्गची, टिंबांची. मी अर्ध्यावर आले असेन, तोच तो म्हणाला:

"मला माहीत आहे. शनिवारी तुम्ही खाली होतात तेव्हाच मी वर येऊन माझी कुकी उघडून पाहिली. बेर्ग. तुमच्या दारावरची पाटी तर रोजच दिसते."

तुम्ही. आमच्याकडे सगळे सगळ्यांना तू म्हणतात, डॉक्टरला, पंतप्रधानाला, ऐंशी वर्षांच्या म्हातारीला. एकट्या माणसाला 'तुम्ही' म्हटलं तर तो मान नसतो, त्याला लांब ठेवणं असतं. आजवर त्या जिन्यात मला कोणी तसं म्हटलं नव्हतं.

"शनिवारीच कळलं होतं, तर सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. "मंगळवारपर्यंत तीन दिवस होते. तू आला असतास, तर..."

"आलो असतो, तर तुम्ही पहिला प्रश्न काय विचारला असता?"

मी उत्तर शोधायचा प्रयत्न केला. म्हणजे दुसरं उत्तर, खरं नसलेलं. सुचलं नाही.

"तुला कसं कळलं, असं विचारलं असतं."

"आणि मी सांगितलं असतं की कुकी उघडून वाचली. मग?"

"मग मी म्हणाले असते, बघा, कबूल करतोय."

त्याने मान डोलावली, राग नव्हता त्यात. शनिवारी खाली त्याने माझा फोन मागितला होता, त्याला फक्त एक ओळ वाचायची होती, आणि मी तो फोन छातीशी धरला होता. हे त्याने बोलून दाखवलं नाही. मीच ते आठवत उभी होते.

आतून तूवाने विचारलं, कोण आलंय.

"समितीकडून आलेत," तो म्हणाला, आणि दार लावून घेतलं.